मास्क नाकाखाली का येतो? साथीच्या काळातले कॉलेज विद्यार्थी आणि त्यामागचं मानसशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मास्कची सक्ती उठली. मधल्या दोन वर्षांत कॉलेजं तुकड्यातुकड्यांनी भरली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून बऱ्याच ठिकाणी निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू झाले आणि दुसऱ्या लाटेत लगेच बंद पडले. २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही डोस झालेल्यांना प्रवेश मिळाला, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे सगळं पुन्हा ऑनलाइन गेलं. या काळात अठरा ते बावीस वर्षांची मुलं मास्क कधी लावत होती, कधी काढत होती आणि का, याबद्दल प्राध्यापक, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, पालक आणि प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी जे प्रश्न वारंवार विचारतात, ते इथे घेतले आहेत.

धोका कळत नव्हता म्हणून मुलं मास्क लावत नव्हती का?

नाही. मार्च २०२० पासून कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग सूचना. विषाणू कसा पसरतो, हात किती सेकंद धुवायचे, हे अकरावीतल्या मुलांनाही तोंडपाठ होतं. माहिती सगळ्यांपर्यंत सारखी पोचली की कोण मास्क लावतो आणि कोण नाही, या फरकाचा उलगडा माहितीतून होत नाही. तरीही बहुतेक कॉलेजांनी पहिला उपाय म्हणून पोस्टरच लावली.

हा अनुभव नवा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यावस्त्यांत फुकट फिरवल्या, तरी लोक पुरेसे येईनात. का येत नाहीत, हे शोधताना हेल्थ बिलीफ मॉडेल तयार झालं. माणूस मनात काही गोष्टी तोलतो: मला हा आजार होईल का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा किती, त्याचा त्रास किती. पुढे त्यात ‘हे मला जमेल का’ हा प्रश्नही जोडला गेला. या मॉडेलवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वागणुकीशी जास्त घट्ट नातं निघालं ते फायदा आणि त्रास यांचं. ‘मला होईल’ या भावनेचं नातं फारच सैल होतं. कॉलेजात उपाय ठरवताना आधी त्रास कमी करा असं आम्ही सांगतो ते यामुळे.

एकाच विद्यार्थ्याचा मास्क दिवसभरात वर-खाली का होतो?

या विषयातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. ‘मास्क लावणारे’ आणि ‘न लावणारे’ अशा दोन जाती नसतात. एकच मुलगा सकाळपासून पाहा. गेटवर वॉचमन थर्मल गन कपाळासमोर धरतो, मास्क नाकावर. जिना चढताना धाप लागते, मास्क नाकाखाली. वर्गात मॅडम आल्या की पुन्हा वर. दुसऱ्या तासापर्यंत आतली बाजू ओलसर झालेली असते, चष्म्यावर वाफ धरते, पुन्हा नाकाखाली. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये चहा आणि वडापाव, मास्क हनुवटीवर. चहा पाच मिनिटांत संपतो, गप्पा चाळीस मिनिटं चालतात, मास्क हनुवटीवरच. सुट्टीनंतर कट्ट्यावर तो खिशात गेलेला असतो. गाडीवर बसताना मात्र परत वर, कारण पुढच्या चौकात पावती फाडणारे असतात.

या मुलाला ‘मास्कबद्दल तुझं मत काय’ असं विचारलं तर तो मनापासून चांगलं उत्तर देईल. मत दिवसभर तेच होतं. समोरचा माणूस, जागा आणि अंगाला होणारा त्रास बदलत गेला. म्हणून मुलांना सुधारण्याच्या मागे लागण्याआधी मास्क खाली येतो तो क्षण शोधा. बहुतेक कॉलेजांत असे तीनच क्षण सापडतात: जिन्याचा वरचा टप्पा, ओला झालेला मास्क आणि चहा संपल्यानंतरची गप्पा.

मित्रांमध्ये असतानाच मास्क का उतरतो? खरं तर तिथेच सगळे जवळ बसतात.

कारण मन धोक्याचा हिशेब अंतरावरून करत नाही, ओळखीवरून करतं. बसमधला अनोळखी माणूस खोकला की आपण तोंड फिरवतो. आपल्या ग्रुपमधला खोकला की ‘काल आइस्क्रीम खाल्लंस ना’ म्हणतो. आपलं माणूस स्वच्छ आणि सुरक्षित वाटतं, या भावनेला विषाणूशी काही देणंघेणं नाही. शिवाय ग्रुपमध्ये एकट्यानेच मास्क ठेवला तर त्याचा एक न बोललेला अर्थ निघतो: तुमच्यावर माझा विश्वास नाही. तो अर्थ टाळण्यासाठी मुलं मास्क काढतात.

इथे आणखी एक गोम आहे. सहा जणांच्या ग्रुपमध्ये चौघांना मनातून मास्क हवा असतो, पण प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच घाबरट. कुणीच बोलत नाही, आणि गप्प बसण्यावरूनच सगळे समजून चालतात की कुणाला फिकीर नाही. मानसशास्त्रात याला प्लुरलिस्टिक इग्नोरन्स म्हणतात, सोप्या मराठीत सामूहिक गैरसमज. प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेंटिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की दारूबद्दल विद्यार्थी मनातून बेचैन होते, पण इतरांना ती सहज चालते अशी प्रत्येकाची समजूत होती. मास्कच्या बाबतीत यावरचा उपाय स्वस्त आहे. वर्गात निनावी चिठ्ठ्या घ्या, प्रश्न एकच: ‘शेजारच्याने मास्क लावला तर तुला बरं वाटतं, वाईट वाटतं की फरक पडत नाही?’ मोजणी तिथेच फळ्यावर करा. आकडा वर्गाचा स्वतःचा असतो, म्हणून तो पटतो. एक काळजी घ्या. आकडा खरंच कमी निघाला तर तो फळ्यावर लिहून मिरवू नका, तसं केल्याने उलटा संदेश जातो.

‘आपल्या कॉलेजात ७० टक्के मुलं मास्क लावत नाहीत, लाज वाटली पाहिजे’ अशी सूचना लावली. परिणाम उलटा का झाला?

कारण त्या वाक्यात दोन संदेश होते आणि मुलांनी पहिला ऐकला. बहुतेक लोक काय करतात हा एक नियम, आणि लोकांच्या मते काय करायला हवं हा दुसरा. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हा फरक १९९० मध्ये कचरा टाकण्याच्या प्रयोगांतून नीट मांडला. ‘७० टक्के लावत नाहीत’ हे ऐकून न लावणाऱ्याला बहुमताचा आधार मिळतो आणि लावणाऱ्या ३० टक्क्यांना आपण वेगळे आहोत असं वाटू लागतं. सूचना लिहायचीच असेल तर मास्क लावलेले दाखवा, लावत नसलेले मोजून दाखवू नका. आकडा कमी असेल तर वाढ सांगा: ‘मागच्या आठवड्यापेक्षा जिन्यावर मास्क जास्त दिसले.’ मात्र हे खरं असेल तरच लिहा. मुलं तोच जिना रोज चढतात, त्यांना खोटं लगेच कळतं.

‘मला काही होत नाही’ हा तरुणपणाचा माज आहे का?

माज म्हणण्यात अर्थ नाही. १९८० मध्ये नील वाइनस्टीन यांनी रटगर्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की आयुष्यातल्या चांगल्या-वाईट घटना तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता वर्गमित्रांच्या तुलनेत किती. चांगलं आपल्या वाट्याला जास्त आणि वाईट कमी येईल, असं सरासरीने निघालं. हा कल मोठ्यांमध्येही असतो. करोनात तरुणांच्या बाबतीत त्याला खऱ्याचा थोडा आधारही होता, कारण गंभीर आजाराचं प्रमाण वयाबरोबर वाढत होतं. म्हणून ‘तूही मरशील’ असं विशीतल्या मुलाला सांगणं टिकत नाही. त्याच्या ओळखीतले दहा जण चार दिवसांत बरे झालेले असतात.

याउलट घरातल्या माणसाचं नाव घेतलं की बोलणं बदलतं. महाराष्ट्रात कॉलेजची बरीच मुलं आई-वडील आणि आजी-आजोबांसोबत एका घरात राहतात, अनेकदा एका खोलीत. ‘तुला काय होईल’ यापेक्षा ‘तू संध्याकाळी घरी गेल्यावर कुणाजवळ बसतोस’ हा प्रश्न जास्त काम करतो. होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना हा धागा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी परीक्षा आणि सुट्टी हे खरे मुद्दे असतात: आजारी पडलास तर पेपर बुडेल, दिवाळीला घरी जाता येणार नाही.

भीती दाखवली तर?

थोडी चालते, एकटी चालत नाही. १९७५ मध्ये रोनाल्ड रॉजर्स यांनी मांडलेल्या प्रोटेक्शन मोटिव्हेशन सिद्धांतात आणि त्यावर आधारित नंतरच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. भीतीसोबत ‘हे केल्याने फायदा होतो आणि हे मला जमतं’ ही खात्री मिळाली तरच माणूस धोक्याकडे लक्ष देतो. ती नसेल तर तो भीतीच झटकून टाकतो: बातम्या बंद करतो, विषय बदलतो, ‘सगळं थोतांड आहे’ म्हणतो. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि खाटांच्या बातम्यांनी भीती टोकाला गेली होती. तेव्हा ‘नाकावर कसा बसवायचा, किती वेळाने बदलायचा’ हे दोन मिनिटं हातात मास्क घेऊन दाखवणं हजार भीतिदायक फॉरवर्डपेक्षा मोलाचं होतं.

दंडाने फरक पडतो का?

पडतो, दंड करणारा दिसतो तितका वेळ. मुंबईत २०० रुपये, पुण्यात ५०० रुपये दंड होता. मुंबईत दंड करणारा पालिकेचा क्लीन-अप मार्शल दिसला की मास्क वर आणि तो वळला की खाली, हे दृश्य रोजचं होतं. दंड मास्कचा अर्थ बदलतो. तो आजारापासून वाचण्यासाठी न राहता पावतीपासून वाचण्यासाठी होतो. मग नाक झाकलं काय आणि नाही काय, चेहऱ्यावर काहीतरी दिसलं की पुरे.

दुसरी अडचण तरुण वयाची. मोकळीक काढून घेतली असं वाटलं की ती परत मिळवण्यासाठी माणूस मुद्दाम उलट वागतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याला रिअॅक्टन्स हे नाव दिलं. नुकतंच घराबाहेर पडून स्वतःचे निर्णय घेऊ लागलेल्या वयात हे जास्त जाणवतं. सगळ्यांसमोर ‘ए, मास्क वर कर’ असं ओरडलं की तो मुलगा मास्क वर करतो आणि पाठ फिरताच खाली ओढतो. हाच शब्द शेजारी जाऊन हळू आवाजात सांगितला, हातात नवा मास्क दिला, तर वाद होत नाही. नियम असू द्या. तो प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना सारखा असू द्या. नियमापेक्षा त्यातला भेदभाव मुलांना जास्त डाचतो. स्टाफरूममध्ये चहाला सगळे विनामास्क बसलेले खिडकीतून दिसतात.

पुण्यातल्या मुली आधीपासूनच स्कार्फ बांधतात. त्यांना मास्क सोपा गेला का?

चेहरा झाकणं सोपं गेलं, मास्कची शिस्त तितकी नाही. दुचाकीवर ऊन, धूळ आणि धूर यांच्यापासून वाचायला डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलने गुंडाळण्याची सवय पुण्यात करोनाच्या कितीतरी आधीची. त्यामुळे ‘चेहरा झाकलेला विचित्र दिसतो’ ही अडचण तिथे फारशी आली नाही. ऑगस्ट २००९ चा स्वाइन फ्लूही शहराच्या आठवणीत होता. देशातला त्या साथीतला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मास्कचा तुटवडा झाला आणि लोक रुमाल बांधून फिरू लागले.

पण स्कार्फची सवय ‘गाडीवर असताना’ या संकेताला बांधलेली असते. पार्किंगमध्ये गाडी लावली की हात आपोआप गाठ सोडतात. साथीत गरज नेमकी उलटी: मोकळ्या रस्त्यावर कमी, बंद वर्गात जास्त. जुनी सवय अशी चुकीच्या जागी मदत करते. यावर सोपा तोडगा म्हणजे पार्किंगलाच मास्क ठेवणं. स्कार्फ सुटतो तिथेच मास्क चढला पाहिजे. शिवाय एका पदराचा सैल स्टोल तीन पदरी मास्कची जागा घेत नाही.

मुली मुलांपेक्षा जास्त नियमित असतात का?

अनेक देशांतल्या पाहण्यांत स्त्रियांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. ‘पुरुषासारखा पुरुष आणि घाबरतो’ ही समजूत त्यामागचं एक कारण. मुलांच्या ग्रुपमध्ये ज्याचं वजन असतं, क्रिकेट टीमचा कॅप्टन किंवा गणेशोत्सवात पुढे असणारा, त्याने मास्क लावला की इतरांना तो कमीपणा वाटत नाही.

‘श्वास कोंडतो’ ही सबब आहे का?

जाणवणं खरं असतं, कारण वेगळं असतं. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन साध्या सर्जिकल मास्कने घसरत नाही. पण ओठांभोवती गरम, दमट हवा साचते, कापड ओलं झालं की श्वास ओढायला जोर लागतो आणि एकदा श्वासाकडे लक्ष गेलं की तो कमीच वाटू लागतो. ज्याला आधीपासून घाबरण्याचा त्रास आहे त्याला हे फार छळतं. त्याला ‘नाटक करू नकोस’ म्हणू नका. खिडकीपाशी किंवा बाहेर मोकळ्यावर जाऊन दोन मिनिटं मास्क काढू द्या, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा करायला सांगा आणि कोरडा मास्क द्या. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सक्ती करू नये.

बाकीचे त्रास हातानेच सुटतात. चष्म्यावर वाफ येते कारण नाकाच्या बाजूने हवा वर निसटते. मास्कची तार दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत नाकावर बसवा आणि चष्मा मास्कच्या कडेवर ठेवा. कान दुखत असतील तर मागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घ्या. मास्क गालांवर सैल असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या अगदी जवळ एकेक गाठ मारा आणि बाजूला उरलेली घडी आत दुमडा. पावसाळ्यात कापडी मास्क रात्रभरात वाळत नाही, म्हणून एक अंगावर, एक दप्तरात आणि एक दोरीवर असे किमान तीन लागतात. दप्तरातला मास्क कागदी पाकिटात ठेवा. झडपेचा एन-९५ कॉलेजात वापरू नये. त्यातून बाहेर पडणारी हवा गाळली जात नाही, आणि केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच तसं कळवलं होतं.

शिकवताना आवाज पोचत नाही म्हणून प्राध्यापकच मास्क खाली करतात. चालेल का?

चालणार नाही, पण अडचण खरी आहे. साधा मास्क २,००० ते ७,००० हर्ट्झ या पट्ट्यातला आवाज ३-४ डेसिबलने दाबतो, एन-९५ सुमारे १२ डेसिबलपर्यंत. स, श, फ, थ असे वर्ण ओळखायला नेमका हाच पट्टा लागतो. त्यात ओठ दिसत नाहीत. मागच्या बाकावरचा ‘सर, ऐकू येत नाही’ म्हणतो, सर मास्क खाली करतात आणि पुढची पन्नास मिनिटं साठ मुलं तेच पाहतात. तोंडाने सांगितलेल्या शंभर सूचना त्यापुढे टिकत नाहीत. कॉलर माइक आणि छोटा स्पीकर घ्या, संज्ञा फळ्यावर लिहा, पंखा एक पायरी कमी करा. व्हायव्हा शक्यतो व्हरांड्यात घ्या. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पुढे बसवा आणि मुद्दे आधी लिहून द्या.

लस घेतल्यावर मुलांनी मास्क सोडला. एक संरक्षण मिळालं की माणूस दुसरं सोडतोच का?

‘सोडतोच’ असं नाही. मास्क लावल्यावर लोक हात धुणं सोडतील अशी भीती २०२० मध्ये बोलून दाखवली जात होती, तिला ठोस आधार मिळाला नाही. लसीनंतर मास्क सुटला त्यात नियमाचाही हात होता. दोन डोसचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय गेटमधून प्रवेश नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजे सगळ्यातून सुटका असा अर्थ मुलांनी काढला. गेटवर प्रमाणपत्र तपासताना त्याच हाताने मास्क दिला असता तर हा अर्थ निघाला नसता.

मुलं ‘हो, लावणार’ म्हणतात आणि लावत नाहीत. खोटं बोलतात का?

ठरवणं आणि करणं यांत अंतर असतंच. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले. त्यात इरादा मध्यम ते मोठ्या प्रमाणात बदलला तरी वागणं लहान ते मध्यम प्रमाणातच बदललं. हे अंतर कमी करायला पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना उपयोगी आहे. ‘मी मास्क लावेन’ असं म्हणण्याऐवजी क्षण बांधून घ्यायचा: ‘चहाचा कप डब्यात टाकला, की मास्क वर.’ ‘शेवटची पायरी चढलो, दहा श्वास घेतले, की नाकावर.’ प्रत्येकाने आपला क्षण स्वतः लिहावा. छापील प्रतिज्ञा वाचून घेतली तर काही उपयोग होत नाही.

मोहीम करायची आहे. काय करावं, काय टाळावं?

सगळ्यात भक्कम दाखला शेजारच्या बांगलादेशचा आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांमध्ये प्रयोग झाला. जिथे काही केलं नाही तिथे नीट मास्क लावणारे सुमारे १३ टक्के होते, जिथे केलं तिथे ४२ टक्क्यांच्या आसपास. चार गोष्टी एकत्र केल्या होत्या: फुकट मास्क, थोडक्यात माहिती, रस्त्यावर समोरासमोर आठवण आणि गावात मान असलेल्या माणसांनी स्वतः लावणं. एसएमएस, तोंडी वचनं आणि गावाला बक्षीस यांनी त्यात भर पडली नाही. समोर माणूस उभा राहून आठवण करतो हा भाग वगळला की परिणाम ओसरतो.

कॉलेजात हे उतरवायचं तर गेटवर मास्कचा खोका ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने तीन पदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवली होती. बाराशे मुलांच्या कॉलेजात रोज दहातला एक विसरतो असं धरलं तर १२० मास्क, म्हणजे त्या दराने दिवसाला ४८० रुपये. दुसरा खोका दुसऱ्या तासानंतर जिन्यावर ठेवा, कारण मास्क ओला होण्याची वेळ ती. एनएसएसचे स्वयंसेवक जोडीने उभे करा, एका जागी वीस मिनिटांहून जास्त नको. थकलेला स्वयंसेवक खेकसतो आणि एकदा खेकसला की दिवसभराचं काम वाया जातं. वाक्य ठरवून द्या: ‘नवा हवा का?’ एवढंच. निम्मे स्वयंसेवक वर्गातल्या मागच्या बाकांवरचे घ्या. फक्त अभ्यासू मुलं घेतली की मोहीम ‘त्यांची’ होते. आणि सगळ्यात आधी कॅन्टीनच्या बाहेर चार बाकं टाका, म्हणजे मास्क काढायचाच आहे तो मोकळ्या हवेत निघेल.

प्रोजेक्टसाठी प्रश्नावली करतोय. ‘तुम्ही नेहमी मास्क लावता का?’ हा प्रश्न पुरेसा आहे का?

नाही. त्यावर जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. ग्रामीण केनियात लोकांना विचारलं तेव्हा मोठी बहुसंख्या हो म्हणाली, प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा दहातला साधारण एक जण मास्क लावून होता. प्रश्न काळ आणि जागेला बांधा: ‘काल कॅन्टीनमध्ये खाणं झाल्यावर बसला होतात तेव्हा मास्क कुठे होता?’ पर्याय द्या: नाक-तोंडावर, नाकाखाली, हनुवटीवर, खिशात, काल गेलो नाही. एका वाक्यात दोन गोष्टी नकोत. ‘मास्क उपयोगी आणि आरामदायक आहे’ यावर माणूस कशाला हो म्हणणार? मोजायच्या प्रत्येक घटकाला (फायदा, त्रास वगैरे) किमान तीन-चार विधानं ठेवा, काही उलट्या अर्थाची, आणि गुण देताना ती फिरवायला विसरू नका. क्रोनबाख अल्फा, म्हणजे एका घटकाची विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, अनपेक्षितपणे फार कमी किंवा उणे आला तर बऱ्याचदा हीच चूक असते. ०.७० च्या वर आला की साधारणपणे चालतो. आधी वीस-तीस मुलांवर चाचणी घ्या. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली तर दुसऱ्या कुणाकडून ती परत इंग्रजीत करून ताडून पाहा. ‘परसिव्ह्ड सस्सेप्टिबिलिटी’चं, म्हणजे ‘मला हा आजार होईल’ या भावनेचं, ‘अनुभूत संवेदनशीलता’ असं भाषांतर केलं की मुलं अंदाजाने गोल करतात.

नमुना किती जणांचा हवा, यावर ३८५ हा आकडा सगळे लिहितात. तो ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीच्या मर्यादेसाठी, तोही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यासाठी आहे. व्हॉट्सअॅपवर फॉर्म फिरवून ३८५ जमवले तर तो नमुना यादृच्छिक होत नाही. तसं प्रामाणिकपणे लिहा.

निरीक्षण कसं करायचं?

तीन जागा निवडा: गेट, जिना, कॅन्टीन. प्रत्येक ठिकाणी जमिनीवर एक रेघ मनात धरा आणि ती ओलांडणारे पहिले ५० जण चार रकान्यांत खुणा करून मोजा: नीट, नाकाखाली, हनुवटीवर, नाही. सकाळी, दुपारी आणि सुटताना, किमान तीन दिवस. दोन निरीक्षक एकमेकांचा कागद न बघता मोजतात, मग कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांची मोजणी किती जुळते हे सांगणारा आकडा, काढा. ०.६ पेक्षा कमी आला तर ‘नाकाखाली’ची व्याख्या दोघांची वेगळी आहे, ती आधी जुळवा. फोटो काढू नका, नावं लिहू नका. हातातला कागद मुलांना दिसला की मास्क वर जातात, म्हणून पहिल्या दिवसाची मोजणी सराव म्हणून सोडून द्या.

ज्युनिअर कॉलेजची मुलंही घेतली तर?

अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आत असतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. एकाच आवारात सीनिअर आणि ज्युनिअर असल्याने हे हमखास विसरलं जातं.

कोणता सिद्धांत घ्यावा?

इरादा समजून घ्यायचा असेल तर आयझेक एझेन यांचा थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेव्हिअर (ठरवून केलेल्या वागण्याचा सिद्धांत), त्रास आणि फायद्यावर भर असेल तर हेल्थ बिलीफ मॉडेल. दोन्ही एकत्र कोंबू नका. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून ‘मित्रांच्या प्रभावामुळे मास्क लावला’ असं लिहू नका. मास्क लावणारे एकत्र येऊन मैत्री झाली असंही असू शकतं. निदान तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा.

सक्ती उठली तरी माझी मुलगी मास्क काढत नव्हती. काळजी करावी का?

आधी कारण विचारा, तेही मास्कचा विषय न काढता. घरात आजारी माणूस असेल, किंवा नुसती सवय असेल, तर काहीच करायला नको. पण २०२० नंतर प्रवेश घेतलेल्या अनेक मुलांनी वर्गमित्रांचे पूर्ण चेहरे कित्येक महिने पाहिलेच नव्हते. झाकलेला भाग मन अंदाजाने भरतं आणि तो अंदाज बऱ्याचदा खऱ्यापेक्षा सुबक असतो. मग ‘मी मास्कमध्येच बरी दिसते’, मुरुमं, दात, नाक, याची भीती बसते. जपानमध्ये तरुणांच्या तोंडी यासाठी ‘काओ पान्त्सु’ असा शब्द आला, म्हणजे चेहऱ्याची चड्डी, चारचौघांत काढायला लाज वाटावी अशी वस्तू. तिथे १३ मार्च २०२३ ला सरकारने मास्क ऐच्छिक केला, तरी अनेकांनी तो ठेवला.

जेवताना ती काय करते ते पाहा. मैत्रिणींबरोबर डबा खाते, फोटोला मास्क काढते, तर वाट पाहा. डबा खायचंच टाळते, स्वच्छतागृहात जाऊन पाणी पिते, तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं म्हणते, तर प्रश्न मास्कचा नाही, माणसांच्या नजरेचा आहे. मास्क हिसकावू नका आणि ‘किती छान दिसतेस’ असंही सारखं म्हणू नका, दोन्हीमुळे चेहऱ्याकडेच लक्ष जातं. पायऱ्या करा: आधी घरी पाहुण्यांसमोर दहा मिनिटं, मग एका मैत्रिणीसोबत बागेत, मग कॅन्टीनच्या कोपऱ्यात, शेवटी वर्गात. एका पायरीवर धडधड कमी झाल्याशिवाय पुढची घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं.